शेण धुवून बघा, मग जनुकांचं बोला

परवा पुतण्या मोबाईल नाचवत गोठ्यात आला. "काका, कॅनडात म्हणे डुकराच्या लाळेतच जनुक घातलं आणि खाल्लेलं जास्त पचायला लागलं. आपल्या गाईत का नाय घालत? पेंडीचं बिल अर्धं होईल." मी तेव्हा दावणीखालचं शेण ओढत होतो, म्हटलं आधी हे खोरं धर मग सांगतो. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, आणि निम्म्यांना वाटतं की सरकार काहीतरी लपवतंय. तसं काही नाही. ते कसं करतात, गाईत ते का जमत नाही, आणि तोवर आपल्या गोठ्यात आपण काय करायचं, सगळं ओळीने सांगतो, लांबलं तर लांबलं.

पहिली पायरी प्रयोगशाळेतली असो नाहीतर गोठ्यातली, एकच आहे. मागून काय वाया चाललंय ते बघायचं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ग्वेल्फ विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांनीही सुरुवात डुकराच्या विष्ठेपासूनच केली. मका, सोयाबीन, गहू, कुठलंही धान्य घ्या, त्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे फायटेज नावाचं एन्झाइम, आणि ते डुकराच्या किंवा कोंबडीच्या पोटात जवळजवळ नसतंच. मग होतं काय, धान्यातला फॉस्फरस तसाच मागून बाहेर, आणि जनावराला मात्र वरून विकतचा फॉस्फरस घालायचा. म्हणजे पैसे दोनदा. शिवाय ती विष्ठा शेतात पडली की पावसाने फॉस्फरस ओढ्यात, तळ्यात, आणि पाण्यावर हिरवं शेवाळ, मासे मेले. या दुसऱ्या कारणासाठी तर त्यांनी हा सगळा खटाटोप केला.

आता ते करतात कसं, हे नीट समजून घ्या, कारण "जनुक घातलं" म्हणजे इंजेक्शन टोचलं असं लोकांना वाटतं.

आधी किल्ली शोधायची. त्यांना ती सापडली ई कोलाय या जिवाणूत, जो तुमच्या आमच्या आतड्यात पण असतो. त्याचं फायटेज पोटातल्या आम्लात टिकतं आणि प्रथिनं पचवणाऱ्या रसात विरघळून जात नाही, म्हणून तेच निवडलं. नंतर ठरवायचं की ही किल्ली जनावराच्या अंगात नेमकी कुठं तयार व्हावी. सगळ्या अंगात झाली तर उपयोग नाही, उलट त्रासच. म्हणून त्या जनुकाच्या पुढे एक बटण जोडतात, जे ठराविक ग्रंथीतच चालू होतं. त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीचं बटण घेतलं. म्हणजे जनुक जिवाणूचं, बटण उंदराचं आणि अंग डुकराचं, ऐकायला भानामती वाटते पण हिशोब सरळ आहे, घास चावला की लाळेबरोबर एन्झाइम आपोआप मिसळणार. मग हे जोडलेलं जनुक नुकत्याच फळलेल्या गर्भात, जेव्हा तो एकच पेशी असतो तेव्हा, अतिशय बारीक सुईने सोडतात आणि तो गर्भ मादीच्या पोटात ठेवतात. बहुतेक वेळा जनुक बसतच नाही. बसलं तरी कुठं बसेल याचा नेम नाही, त्यामुळे जन्मलेल्या पिल्लांतनं ज्यांच्या लाळेत खरंच एन्झाइम उतरलंय ती शोधायची, त्यांची पुढची पिढी काढायची, तिच्यात टिकलंय का बघायचं. यात वर्षं जातात.

असं पहिलं डुक्कर १९९९ मध्ये जन्मलं, त्याला एन्व्हायरोपिग म्हणतात. २००१ मध्ये त्यांनी निकाल छापले, विष्ठेतला फॉस्फरस जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत कमी. भारीच काम. २०१० मध्ये कॅनडा सरकारने बंदिस्त जागेत पाळायला हरकत नाही असंही सांगितलं. आणि २०१२ मध्ये सगळं बंद. तिथल्या डुक्करपालकांच्या संघटनेने पैसे देणं थांबवलं, बाजारात ते मांस घ्यायला कोण उभं राहील याचा भरवसा नव्हता, शेवटी सगळी डुकरं मारून टाकली आणि वीर्य तेवढं गोठवून ठेवलं.

पण मला विचाराल तर त्या डुकराचा खरा स्पर्धक दुसराच होता. हेच फायटेज १९९१ पासून पावडर म्हणून बाजारात होतं. नेदरलँडमध्ये शेणखताच्या फॉस्फरसवर कडक नियम आले तेव्हा ते निघालं. खाद्यात चिमूटभर टाकलं की झालं. मग जे काम पिशवीतली पावडर करते त्यासाठी अख्खं डुक्कर नव्याने कोण घडवत बसणार?

नंतर चीनने पुढची उडी मारली. दक्षिण चीन कृषी विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मध्ये असं डुक्कर दाखवलं की ज्याच्या लाळेत फायटेज तर आहेच, शिवाय धान्याच्या कोंड्यातला चिवट भाग तोडणारी बीटा-ग्लुकानेज आणि झायलानेज ही एन्झाइमं पण आहेत. त्यांनी गर्भात सुई मारण्याऐवजी पेशीत जनुक घालून त्या पेशीपासून क्लोन केले. नत्र आणि फॉस्फरस मागून जाणं २३ ते ४६ टक्क्यांनी कमी, वाढ साधारण २३-२४ टक्के जास्त, आणि एक किलो वजनाला लागणारं खाद्य ११.५ ते १४.५ टक्क्यांनी कमी. आकडे बघितले की तोंडाला पाणी सुटतं, मला पण सुटलं होतं.

मग गाईत का नाही?

कारण गाय वैरण पचवतच नाही. गाय फक्त ती आणून देते. पचवणारे वेगळेच. कडब्यातला सेल्युलोज तोडायचं एन्झाइम गाईच्या स्वतःच्या अंगात नाही, कुठल्याच सस्तन प्राण्यात नाही. गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोटीपोटात, शंभर-दीडशे लिटरची एक भट्टी चालू असते, त्यात जिवाणू, प्रोटोझोआ, बुरशी असले कोट्यवधी कामगार. ते वैरण कुजवतात, त्यातनं जी आम्लं निघतात त्यावर गाय जगते, आणि पुढच्या पोटात गेल्यावर ते कामगारच गाय पचवून टाकते, ती तिची प्रथिनं. फायटेज पण हे कामगार स्वतःच बनवतात, म्हणून गाईच्या खाद्यात फायटेजची पावडर घालायची गरज नाही, कुणी विकायला आला तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

म्हणजे गाईत बदल करायचा तर त्या कामगारांत करावा लागेल. ते कधी झालंय का? झालंय, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्या ओळखीच्या झाडाचं आहे. सुबाभूळ. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने ज्या झाडाचा एवढा प्रसार केला तेच. त्याच्या पाल्यात मिमोसिन असतं, पोटात त्याचं आणखी एक विष होतं, जास्त खाल्लं की जनावराचे केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियात गाईंना हा त्रास फार व्हायचा, पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला मजेत खात होत्या. रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला शंका आली की त्या शेळ्यांच्या पोटात कुणीतरी हे विष खाणारा बसलाय. १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातलं पाणी नेऊन ऑस्ट्रेलियन जनावरांना दिलं आणि त्रास थांबला. त्या जिवाणूला नंतर जोन्सच्या नावावरून सिनर्जिस्टेस जोन्सी असं नाव मिळालं. बघा म्हणजे, जनुक नाही, सुई नाही, नुसता कामगार बदलला.

पुढे ऑस्ट्रेलियातच एका पोटातल्या जिवाणूत विष तोडणारं जनुक घालून तो मेंढ्यांना दिला, १९९८ मध्ये निकाल छापला, मेंढ्या विषारी झाडांतल्या फ्लुओरोॲसिटेटपासून बऱ्याच बचावल्या, पण ते प्रयोगापुढे गेलं नाही. कारण जिवाणू काय एका गोठ्यात बांधून ठेवता येत नाही. सध्या कॅलिफोर्नियात जेनिफर डाउडना वगैरे शास्त्रज्ञ मंडळी पोटातल्या जिवाणूंतच क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या कात्रीने, बदल करून मिथेन कमी करायच्या मागे आहेत, २०२३ मध्ये त्यांना ७ कोटी डॉलर मिळाले. मिथेन म्हणजे गाईची ढेकर, आणि ढेकरेतनं खाद्यातल्या ऊर्जेतला सहा टक्क्यांच्या आसपास वाटा उडून जातो. तो वाचला तर दुधात दिसेल अशी आशा. बघू.

आणि हो, हे घरी करून बघायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो. आपल्याकडे जनुक बदललेला प्राणी, किंवा अगदी जिवाणू का असेना, १९८९ च्या नियमांखाली येतो आणि जीईएसी नावाच्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. कुणी "जेनेटिक कल्चर" म्हणून बाटली विकत असेल तर लेबल वाचा, बहुतेक त्यात साधं यीस्ट असतं. यीस्ट वाईट नाही, पण त्याला यीस्टचाच भाव द्या.

आता आपल्या गोठ्यात काय करायचं. माझ्याकडे नऊ संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आणि दोन म्हशी आहेत, त्यावर जे केलंय तेच सांगतो.

आधी शेण धुवा. गंमत नाही. तीन-चार गायींचं ताजं शेण प्रत्येकी दोन मुठी घ्या, रवा चाळायच्या चाळणीत टाका आणि नळाखाली हलक्या धारेत खालचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा, चोळायचं नाही. चाळणीत जे उरतं ते तुमचे पैसे. मी पहिल्यांदा धुतलं तेव्हा मक्याचे अख्खे दाणे निघाले, चकचकीत, पेरले असते तर उगवले असते. भरडा मोठा होता एवढंच कारण, गिरणीवाल्याला जाळी बदलायला लावली, विषय संपला. पण एकदम पीठ पण करू नका, पीठ पोटात झपकन आंबतं. चाळणीत लांब लांब काड्या राहिल्या, म्हणजे अर्धा इंच आणि त्याहून मोठ्या, तर वैरण पोटात पुरेशी थांबत नाहीये. शेणावर फेस, बुडबुडे, किंवा शेंबडासारखे पापुद्रे दिसले तर पोट आंबलंय, खुराक (पेंड, भरडा) जास्त आणि वैरण कमी झालीय. सरकीचे अख्खे दाणे पण येतात, थोडे येणारच, पण मूठभर येत असतील तर देणं कमी करा.

दुसरं, हिशोब मांडा, पण कोरड्या वजनात. "वीस किलो घास घालतो" याला अर्थ नाही कारण हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणी असतं. मोटामोटी धरायचं, हिरव्याला २० टक्के कोरडं, मुरघासाला (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला) ३२, कडबा आणि कांडी-खुराकाला ९०. माझ्या एका गाईचं उदाहरण, २० किलो हिरवा म्हणजे ४, मुरघास १० किलो म्हणजे ३.२, कडबा कुट्टी (कापलेला कडबा) ४ किलो म्हणजे ३.६, खुराक ६ किलो म्हणजे ५.४. बेरीज १६.२ किलो. दूध १८ लिटर. भागलं की १.११, म्हणजे एक किलो कोरड्या खाद्याला एक लिटर शंभर मिली. दुसरी गाय तेवढंच खाऊन १४ लिटर देत होती, ०.८६. दोघी एकाच रांगेत, एकाच माणसाच्या हातचं खातात. हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही, डोळ्याला दोन्ही गाई सारख्याच दिसतात. गव्हाणीत उरलेलं वजा करायला विसरू नका, मी पहिला महिना विसरलो होतो आणि उगाच गाईला नावं ठेवत होतो.

तिसरं, लाळ. डुकराच्या लाळेत एन्झाइम आणायला त्यांनी वर्षानुवर्षं घातली, आपल्या गाईच्या लाळेत फुकटचा सोडा आहे. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्यात बायकार्बोनेट असतो, तोच कोटीपोट आंबू देत नाही, आणि पोट आंबलं नाही तरच कडबा तोडणारे कामगार जिवंत राहतात. पण ही लाळ सुटते रवंथ केल्यावर, आणि रवंथ होते लांब काडी मिळाल्यावर. म्हणून कुट्टी एकदम भुगा करू नका, पाऊण ते एक इंच ठेवा. खुराक दोन वेळेला पाटीभर ओतण्यापेक्षा तीन-चार वेळेला विभागून द्या, आणि आधी वैरण मग खुराक. दुपारी गाई बसलेल्या असताना गोठ्यात जाऊन मोजा, दहा बसल्यात तर पाच-सहा तरी रवंथ करत पाहिजेत. दोन-तीनच करत असतील तर पेंडीचं पोतं बदलून काही होणार नाही. पाणी चोवीस तास पुढ्यात, हे लिहायची लाज वाटते पण अजूनही दिवसातनं दोनदा पाणी दाखवणारे गोठे आहेत.

चौथं म्हणजे युरिया प्रक्रिया, आणि इथं मी थोडं जास्त बोलणार, कारण जनुकवाले जे काम जनावराच्या आत करायला बघतात तेच काम ही ढिगाऱ्यात, बाहेर, करते. गव्हाच्या भुश्यात किंवा भाताच्या पेंढ्यात सेल्युलोज भरपूर असतो पण तो लिग्निन नावाच्या चिवट, लाकडी भागात अडकलेला असतो, कामगारांचा हातच पोचत नाही. ओल्या ढिगात युरियाचा अमोनिया होतो, तो ती गाठ सैल करतो, काडी मऊ पडते, आणि वरनं त्यातलं नत्र कामगारांना खायला मिळतं. भुश्यातलं प्रथिन तीन-साडेतीन टक्क्यांवरनं सातच्या आसपास जातं.

करायचं असं. उंच, सपाट जागा, खाली प्लॅस्टिकचा कागद. १०० किलो कोरडा भुसा वजन करून घ्या. ४ किलो युरिया, तोही वजन करून, ओंजळीने नाही, ५० लिटर पाण्यात एकही दाणा न उरता विरघळवायचा. काही जण ६५ लिटर पाणी सांगतात, भुसा फार वाळलेला असेल तर तेही चालतं. मग २० किलोचा एक थर पसरा, झारीने १० लिटर पाणी सगळीकडे सारखं शिंपडा, पायाने दाबा, त्यावर दुसरा थर, असे पाच थर. दाबताना कंजूषी करू नका, पोरांना नाचायला लावा. वरनं कागद झाकून कडा मातीने लिंपा, हवा अजिबात आत जाता कामा नये. २१ दिवस हात लावायचा नाही, थंडीत चार आठवडे. उघडलं की नाकात झणझणीत वास गेला पाहिजे आणि भुसा पिवळ्याचा तपकिरी झालेला दिसला पाहिजे. वास नसेल तर कुठंतरी भोक पडलंय. काळा, बुरशीचा भाग सरळ उकिरड्यावर. लागेल तेवढाच एका बाजूने काढा, काही तास पसरून वारा लागू द्या, मग गव्हाणीत.

पहिल्या दिवशी एक किलो, तेही नेहमीच्या वैरणीत मिसळून, आठ-दहा दिवसांत वाढवत पाच-सहा किलोपर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही, घोड्याला नाही. पशुखाद्याच्या पोत्यावर युरिया लिहिलाय का ते आधी वाचा, दोन्हीकडनं नको. आणि चांगल्या ज्वारीच्या कडब्यावर ही प्रक्रिया करू नका, त्याला गरज नाही. हिरवी किंवा गोडसर वैरण तर अमोनियात घालायचीच नाही, साखर आणि अमोनिया मिळून त्यातनं विषारी द्रव्य तयार होतं, जनावर पिसाळल्यागत धावतं. गूळ द्यायचाच असेल तर गव्हाणीत, खायच्या वेळी.

आता माझी चूक. दुसऱ्या वेळी ढीग लावताना मला फोन आला, मी युरियाचं पाणी भरलेलं टब तसंच ठेवून बांधावर गेलो. एक कालवड दावं सोडवून आली आणि तोंड घातलं. किती प्यायली देव जाणे, पण वीस-पंचवीस मिनिटांत अंग थरथरायला लागलं, तोंडातनं लाळ, पोट फुगलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले मी निघतोय, तोवर व्हिनेगर मिळवा. व्हिनेगर! आमच्या गावात! भावाने गाडी काढली, फाट्यावरच्या चायनीजच्या गाड्यावरनं होत्या तेवढ्या बाटल्या उचलून आणल्या, तो गाडीवाला म्हणत होता मंचुरियन कशात करू. डॉक्टरांनी येऊन ते थंड पाण्यात मिसळून नळीने पाजलं, व्हिनेगरच्या आम्लाने अमोनियाचं रक्तात शिरणं थांबतं. कालवड वाचली, पुढे व्यायली पण. तेव्हापासून ढीग लावायच्या दिवशी जनावरं आधी पलीकडच्या शेडमध्ये, आणि घरात व्हिनेगरच्या चार बाटल्या कायम. आणि स्वतः जनावराच्या तोंडात बाटली घुसवू नका, थरथरणाऱ्या जनावराच्या फुफ्फुसात जातं.

कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी दोन ओळी. तुमच्यासाठी ती कॅनडावाली किल्ली खरंच पिशवीत मिळते. तयार खाद्य घेत असाल तर बहुतेक त्यात फायटेज असतंच, परत घालू नका. स्वतः खाद्य बनवत असाल तर नेहमीचं प्रमाण किलोला ५०० युनिट, म्हणजे ग्रॅमला ५००० युनिटची पावडर असेल तर टनाला १०० ग्रॅम. एवढीशी पावडर टनात सरळ फेकली तर अर्ध्या कोंबड्यांना मिळणारच नाही, म्हणून आधी एक किलो भरड्यात, ते दहा किलोत, मग सगळ्यात. आणि पावडर घातल्यावर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे तो विकतचा फॉस्फरस) कमी करायला विसरू नका, किती ते पावडरच्या पत्रकावर लिहिलेलं असतं. डीसीपी तेवढाच ठेवला तर फायदा शून्य, फक्त खर्च वाढला. गरम वाफेवर कांडी पाडत असाल तर उष्णतेला टिकणारी पावडर मागा, साधी मरून जाते.

राहिली जनुकं. ती बदलायला प्रयोगशाळा लागते, पण निवडायला नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं ते निव्वळ संकरातनं, पिढ्यान्‌पिढ्या रक्त तपासून, आणि त्यातनं सुवर्णा मेंढी उभी राहिली. पचनाचंही तसंच आहे, एकाच जातीच्या दोन गाई तेवढंच खाऊन वेगळं दूध देतात त्यातला काही भाग आनुवंशिक असतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून एचएफ वळूंच्या पत्रकात "फीड सेव्ह्ड" असा रकाना आलाय, त्या वळूच्या लेकी बाकीच्यांपेक्षा किती खाद्य वाचवतील याचा अंदाज, आकडा जेवढा वर तेवढं बरं. परदेशी वळूचं रेतन घेत असाल तर नुसतं दुधाचं लिटर विचारू नका, तो रकाना पण दाखवा म्हणा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा रेतन करणारा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी वळूची पत्रिकाच मागितली, पण दुसऱ्या खेपेला त्याने छापील कागद आणला. आपल्या देशी गाई-म्हशींसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जीनोमिक चिप, म्हणजे जनावराची जनुकं वाचायचं साधन, आली, गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप, पण अशा चिपवरनं पचनाचं काही सांगायचं तर आधी हजारो जनावरांनी रोज काय खाल्लं याच्या नोंदी लागतात, आणि नोंदी म्हणजे आपल्याकडे कॅलेंडरच्या मागे लिहिलेली दुधाची बेरीज.

माझी ०.८६ वाली गाय अजून आहे. भरडा बारीक केला, खुराक चार वेळेला केला, कुट्टी थोडी लांब ठेवली, तर तेवढ्याच खाद्यावर आता ती साडेपंधरावर आलीय, म्हणजे ०.९६. तिची कालवड मात्र मी ठेवणार नाहीये, दुसरीची ठेवणार. पुतण्याला वही दिलीय आणि दर रविवारी शेण धुवायचं काम पण त्याच्याकडेच आहे. चाळणी मात्र तुमची स्वतःची आणा, आमच्या घरची रव्याची होती, ती आता गोठ्यातच खुंटीला आहे आणि नवीन आणून द्यायला मला आठ दिवस उशीर झाला, त्या आठ दिवसांत उपमा काही झाला नाही.